गेटबाहेरचा धर्म

गेटच्या आतली जागा माझी, हे कळायला कुणाला शिकवावं लागत नाही. गेटबाहेरची जागा कुणाची, हा प्रश्न मात्र मला नोकरीभर पुरला आणि निवृत्तीनंतरही सुटलेला नाही. नगररचनावाले म्हणतील, हा आमचा विषय. वकील म्हणतील, आमचा. मला तो धर्माचा विषय वाटतो. पूजाअर्चेच्या अर्थाने नव्हे. ज्याचं नाव-गाव आपल्याला ठाऊक नाही अशा माणसाशी आपण कसं वागतो, या अर्थाने.

मी आर्किटेक्टच्या ऑफिसात नकाशे काढायचे. सुरुवातीला ट्रेसिंग पेपरवर रोट्रिंगच्या पेनाने, पुढे ऑटोकॅडवर. घर बांधायला पार्टी आली की साहेबांचा पहिला प्रश्न ठरलेला असायचा, ‘जागा कुणाच्या हद्दीत?’ प्लॉट केवढा, खोल्या किती, पैसे किती, हे सगळं नंतर. कारण आमच्या छत्रपती संभाजीनगरात हद्द बदलली की कितीतरी गोष्टी बदलतात. मी राहते त्या एन-नऊची आखणी सिडकोची. सत्तरच्या दशकात सिडको या शहरात आली, तिने सेक्टर पाडले, रो-हाउसेस बांधली, आणि २००६ साली ही वसाहत महापालिकेच्या हाती सोपवली. पश्चिमेला नगर नाक्याकडे गेलं की छावणी लागते. तिथे कॅन्टोन्मेंट बोर्डाचा कारभार आणि केंद्र सरकारचा २००६ चा कायदा. आणखी पुढे सिडकोचं वाळूज महानगर, आणि त्याला खेटून एमआयडीसीचं बजाजनगर. तिथे बांधकामाची परवानगी एमआयडीसी देणार आणि गावगाडा ग्रामपंचायत हाकणार. स्कूटरवर तासाभरात हे सगळं ओलांडून होतं. रस्ता सलग, धूळ सारखीच, माणसं एकमेकांची सोयरी. नियम मात्र प्रत्येक हद्दीचे वेगळे.

माझ्या नणंदेचं घर सातारा परिसरात आहे, बीड बायपासच्या पलीकडे. तिने प्लॉट घेतला तेव्हा तिथे ग्रामपंचायत होती. मग थोडा काळ सातारा-देवळाई नगरपरिषद झाली. मग तो भाग महापालिकेत आला. तिचं घर जागचं हललं नाही. दारापुढची गल्ली तीच, नाली तीच, कडुनिंबही तोच. गल्लीवर लागू होणारा कायदा मात्र बदलत गेला: आधी ग्रामपंचायतींचा १९५८ चा, मग नगरपरिषदांचा १९६५ चा, आता महानगरपालिकांचा १९४९ चा. एकदा तिच्या ओसरीवर बसून आम्ही पार्किंगवरूनच बोलत होतो. ती म्हणाली, ‘वहिनी, मला एवढंच सांगा. गाडी गेटपुढं लावायची ती आधी चालत होती आणि आता चालत नाही, असं कसं? बरोबर-चूक काय जीआर काढून ठरतं का?’

तिचा प्रश्न हसण्यावारी नेण्यासारखा नाही. योग्य-अयोग्य जर हद्दीच्या दगडापाशी बदलत असेल, तर त्याला धर्म कशाला म्हणायचं? आणि ते बदलत नसेल, तर एवढे वेगवेगळे नियम कशासाठी?

आधी नियम पाहू. डिसेंबर २०२० मध्ये राज्य सरकारने जवळजवळ सगळ्या महाराष्ट्रासाठी एकच एकत्रित बांधकाम नियमावली लागू केली. मुंबई आणि एमआयडीसीची क्षेत्रं तिच्या बाहेर राहिली. त्या नियमावलीत मोटारीसाठी जागा मोजायची ती अडीच मीटर रुंद, पाच मीटर लांब. दुचाकीसाठी एक मीटर बाय दोन मीटर. ऐंशी ते दीडशे चौरस मीटर चटई क्षेत्राच्या सदनिकेला एका मोटारीची जागा दाखवावी लागते, दीडशेच्या पुढे दोनांची; चाळीस ते ऐंशीच्या सदनिका असतील तर दोन सदनिकांत मिळून एक. आणि एवढं करूनही हा आकडा सगळ्या गावांना सरसकट लागत नाही. शहर मोठं की लहान, ते पाहून त्याला एका गुणकाने गुणायचं असतं. म्हणजे एकाच नियमावलीत, तंतोतंत त्याच मापाच्या फ्लॅटला पुण्यात जेवढं पार्किंग दाखवावं लागतं, तेवढं एखाद्या नगरपंचायतीत दाखवावं लागत नाही. बजाजनगरात गेलात तर पुस्तकच दुसरं.

ही सगळी मापं आहेत आणि माप परिस्थितीनुसार बदलणारच. ज्या गावात मोटारी थोड्या, तिथे घराघराला मोटारीची जागा सोडायला लावणं म्हणजे गरिबाच्या छपराखालची जमीन विनाकारण खाणं. जपानने १९६२ सालीच कायदा केला की, गाडी ठेवायला जागा असल्याचा दाखला आणा, मगच गाडी तुमच्या नावावर होईल; आता ती जागा घरापासून दोन किलोमीटरच्या आत असावी लागते. आपल्याकडे २०२५ मध्ये परिवहन मंत्र्यांनी तशाच नियमाचा विचार बोलून दाखवला. वेळ, गाव, दाटी पाहून नियम बदलतात आणि बदलावेत.

पण ही मापं बाजूला ठेवून मी ते कायदे पुन्हा वाचते, तेव्हा दिसतं की एक गोष्ट कुठल्याच हद्दीत बदललेली नाही. सार्वजनिक रस्ता अडवायचा नाही. ग्रामपंचायतींच्या कायद्यात ते त्रेपन्नाव्या कलमात आहे. महानगरपालिकांच्या कायद्यात दोनशे एकतिसाव्या कलमाने आयुक्तांना रस्त्यात टाकलेली वस्तू नोटीस न देताही उचलता येते. नगरपरिषदांच्या कायद्यात आहे, छावणीच्या कायद्यातही आहे. कलमांचे आकडे वेगळे, दंड वेगळे, उचलायला येणारी माणसं वेगळी, सांगणं एकच. नणंदेला मी तेच सांगितलं, की गाडी गेटपुढं लावणं आधीही चालत नव्हतं. तेव्हा गल्लीत मोटारी नव्हत्या म्हणून कुणाला ते नडलं नाही, इतकंच.

इथे एक बारीक भेद आहे आणि सगळी भांडणं त्याच्यापाशी होतात. वाहतुकीचे केंद्रीय नियम सांगतात की दुसऱ्याच्या घराच्या प्रवेशद्वारापुढे गाडी उभी करून वाट अडवू नका. हे वाचून आपण असं धरून चालतो की गेटपुढची जागा माझी. तसं नाही. ती जागा मोकळी राहावी, हा माझा हक्क आहे. ती भरावी, हा नाही. मला मिळाला आहे तो जाण्या-येण्याचा अधिकार, ताब्याचा नव्हे. आपल्या कॉलन्यांमधून एक फेरी मारा. प्रत्येक गेटवर पाटी: ‘गेटसमोर गाडी लावू नये, लावल्यास हवा सोडण्यात येईल.’ आणि त्याच पाटीखाली घरमालकाची स्वतःची गाडी. गाडी नसेल तर दोन कुंड्या आणि मध्ये दगड, जागा राखलेली. दुसऱ्याला मनाई करण्याचा हक्क मला कशासाठी मिळाला, हे विसरून तो हक्क म्हणजेच मालकी, असा समज इथे होतो.

आपल्या धर्मशास्त्रात ही गाठ फार पूर्वी सोडवलेली आहे. देशधर्म वेगळा, कुलधर्म वेगळा, आणि सगळ्यांना बांधणारा साधारण धर्म वेगळा. सत्य, अहिंसा, चोरी न करणं हे साधारण धर्म. ते गाव बदललं म्हणून बदलत नाहीत. कौटिल्याचं अर्थशास्त्र तर नीतीचं पुस्तक नाही, कारभाराचं आहे. आणि त्यातही ही रचना स्वच्छ दिसते. साध्या गल्लीत माती टाकली तर पणाचा आठवा हिस्सा दंड, पाणी-चिखल तुंबवला तर पाव पण, आणि राजमार्गावर हेच केलं तर दुप्पट. वाट अडवली तर? माणसांची आणि लहान जनावरांची वाट असेल तर बारा पण, मोठ्या जनावरांची असेल तर चोवीस, हत्तीची असेल तर आणखी जास्त. वाट पाहून दंड बदलतो, अडवणं मात्र सगळ्याच वाटांवर गुन्हा आहे. आजच्या नियमावलीतला गुणक आणि कौटिल्याचे पण, दोन्हींमागे एकच समज आहे: माप देशाचं, मर्यादा धर्माची.

पण तेवढ्याने मनाचं समाधान होत नाही. कारण कायद्यातलं पार्किंग आणि गल्लीतलं पार्किंग यांत जे अंतर पडतं, ते कायद्याच्या पुस्तकात दिसत नाही. ते मला माझ्या टेबलावर दिसायचं.

नकाशावर पार्किंग दाखवायचं म्हणजे एक आयत काढायचा. अडीच बाय पाच. आत तिरकी रेघ, मध्ये ‘पी’. हा आयत काढला की पार्टीची सही होते, मंजुरीचा शिक्का बसतो, घर उभं राहतं, भोगवटा प्रमाणपत्र हाती येतं. त्यानंतर त्या आयताचं काय होतं? बऱ्याच ठिकाणी तिथे शटर बसतं आणि मोबाइलचं नाहीतर पिठाच्या गिरणीचं दुकान निघतं. कुठे भाडेकरूची खोली होते. गाडी येते रस्त्यावर. लोक याला ‘कागदावरचं पार्किंग’ म्हणतात आणि पुढच्या विषयाकडे वळतात, जणू कागद म्हणजे काहीच नाही.

मला तो आयत संकल्पासारखा वाटत आला आहे. घर बांधणारा माणूस सही करतो तेव्हा तो फक्त अधिकाऱ्याला काही कबूल करत नसतो. तो गल्लीला शब्द देत असतो: माझ्या गाडीचं ओझं मी माझ्याच जमिनीवर वाहीन, तुमच्या रस्त्यावर टाकणार नाही. ज्यांना शब्द दिला ती माणसं समोर नसतात. त्यांतली काही अजून त्या गल्लीत राहायलाही आलेली नसतात. म्हणून हा शब्द मोडणं सोपं जातं. समोरच्या माणसाला दिलेला शब्द पाळायला भीड पुरते. समोर नसलेल्याला दिलेला शब्द पाळायला धर्मच लागतो.

२०१० साली सर्वोच्च न्यायालयाने नहालचंद लालूचंद विरुद्ध पांचाली सहकारी गृहनिर्माण संस्था या खटल्यात सांगितलं की इमारतीखालचं स्टिल्ट पार्किंग म्हणजे फ्लॅट नव्हे. बिल्डरला ते वेगळं विकता येणार नाही. ती सामाईक जागा. सोसायट्यांच्या आदर्श उपविधींतही पार्किंगचं वाटप सांगितलं आहे, विक्री नाही. जागा कमी आणि गाड्या जास्त असतील तर चिठ्ठ्या टाका. काही वस्तू वापरता येतात, वाटून घेता येतात, पण विकता येत नाहीत, कारण त्या एकाच्या होऊच शकत नाहीत, हे तत्त्व त्या निकालात आहे. रस्ता ही तर त्यातली पहिली वस्तू.

शेजाऱ्याच्या हिताची कसोटी सगळ्यात उघडी पडते ती रॅम्पवर. आपल्याकडे जोतं उंच घ्यायची चढाओढ आहे. रस्त्यावर डांबराचे थर चढत जातात, तशी नवी घरं आणखी वर जातात. गेट रस्त्याच्या दीड-दोन फूट वर येतं. मग गाडी आत चढवायची कशी? दोन मार्ग आहेत. उतार गेटच्या आत, आपल्या मोकळ्या जागेत घ्यायचा. किंवा गेटबाहेर रस्त्यावर काँक्रीट ओतायचं. आत घेतला तर अंगण जातं, तुळशीची जागा सरकते, झोपाळा बसत नाही. बाहेर ओतला तर आपलं काहीच जात नाही. माझ्या माहितीतल्या एका गल्लीत असा रॅम्प ओतताना खालच्या उघड्या नालीत सहा इंची पाइप टाकला होता. जुलैच्या पहिल्या मोठ्या पावसात त्या पाइपाच्या तोंडाशी दुधाची पिशवी अडकली, मग पालापाचोळा, मग गाळ. पाणी वर आलं आणि उताराच्या खालच्या अंगाला असलेल्या जुन्या, बुटक्या घरात शिरलं. घरात एक बाई शिवणाचं काम करायची. तिने ब्लाउजपीसचे गठ्ठे पलंगावर चढवले आणि मशीनचा पायटा विटांवर ठेवला. रॅम्पवाल्या घराला यातलं काही कळलंही नाही. त्यांच्याकडून पाणी निघून गेलं होतं. चढावाचा भार कुणाच्या तरी जमिनीने सोसायचाच असतो. तो माझ्या जमिनीने सोसायचा की दुसऱ्याच्या, एवढाच निर्णय त्या काँक्रीटच्या घमेल्यात असतो.

गाडीचंही तसंच. आमच्या शहरात मलिक अंबरच्या काळात डोंगरातून नहर आणून चौकाचौकात पाणी पोचवलं होतं. आज वसाहतीच्या वसाहती टँकरवर जगतात. नणंदेच्या मागच्या गल्लीत मी एका सकाळी टँकर आलेला पाहिला. गल्ली वीस फुटांची. एका बाजूला मोटार, समोर दुसऱ्या बाजूला आणखी एक, दोन्ही आपापल्या गेटला चिकटून. टँकरवाल्याने आरसा आत दुमडला. बरोबरचा पोरगा खाली उतरला आणि मागच्या चाकाकडे बघत हाताने इशारे करू लागला, ‘येऊ द्या, येऊ द्या… बस्स!’ चाक नालीच्या फरशीवर टेकलं आणि फरशी करकरली. टँकर तिथेच थांबला. पाइप सोडला, तो मोटारींच्या पुढच्या तीन घरांपर्यंत पोचला आणि संपला. शेवटच्या घरातली म्हातारी निळ्या ड्रमाचं झाकण काढून उभी होती. तिने झाकण परत लावलं आणि दोन कळशा घेऊन चालत आली. एका मोटारीचा मालक गावाला गेला होता, दुसऱ्याच्या घरी अजून कुणी उठलं नव्हतं. दोघंही सज्जन. म्हातारीला त्रास द्यावा असं दोघांच्याही मनात नव्हतं. पण टँकरच्या जागी रुग्णवाहिका असती तर? अग्निशमनाची गाडी असती तर? हिंसा करायला हेतू लागतोच असं नाही, नुसता विसरही पुरतो, हे मला त्या सकाळी नीट समजलं.

यावर एक आक्षेप आहे आणि तो मी मनापासून मानते. गुंठेवारीतल्या सहाशे चौरस फुटांच्या प्लॉटवर ज्याने पै-पै जोडून दोन खोल्या उभ्या केल्या, त्याने पार्किंग कुठून आणायचं? आमच्या शहरात मुकुंदवाडी, पुंडलिकनगर, मिसारवाडी, नारेगाव अशा किती वस्त्या गुंठेवारीनेच वसल्या. २००१ साली गुंठेवारीचा कायदा आला, पुढे त्याची मुदत वाढली. घरं नियमित झाली, पण गल्ल्या रुंद झाल्या नाहीत. तिथला रिक्षावाला रात्री रिक्षा रस्त्यावर लावणार नाही तर कुठे लावणार? ती रिक्षा म्हणजे त्याच्या पोरांची भाकर आहे. तिला आणि बंगल्यातल्या तिसऱ्या मोटारीला एकाच तराजूत घालणं हा न्याय नव्हे. ज्याच्या आवारात जागा आहे आणि तरी ज्याची गाडी बाहेर आहे, आणि ज्याच्याकडे जागाच नाही, या दोघांच्या गाड्या रस्त्यावर शेजारी शेजारी उभ्या असल्या तरी त्यांचा दोष सारखा नाही.

कौटिल्यानेही दया सोडलेली नाही. नगराच्या स्वच्छतेचे दंड सांगून झाल्यावर तो म्हणतो की औषधामुळे, आजारामुळे किंवा भीतीमुळे ज्याच्या हातून घडलं, त्याला दंड नाही. गरज आणि सोय यांतला फरक नियमालाही ओळखता आला पाहिजे. पण रिक्षावाल्याची गरज ही बंगलेवाल्याला ढाल म्हणून वापरता येत नाही. उलट त्याची गरज हेच आपण आपली गाडी आत घेण्याचं सगळ्यात मोठं कारण आहे. रस्त्यावर जागा थोडी आहे; ती ज्याला दुसरा इलाज नाही त्याच्यासाठी राहू द्यावी.

आमच्या ऑफिसात एक वयस्क ट्रेसर होते. शहागंजच्या बाजूला राहायचे. सगळे त्यांना चाचा म्हणायचो. नकाशावर अक्षरं कशी काढायची हे मी त्यांच्याकडून शिकले. एकदा रस्त्यात येणाऱ्या जिन्यावरून पार्टी हुज्जत घालून गेली. तेव्हा चाचा पेन खाली ठेवून म्हणाले, ‘बेटी, हदीसमध्ये रस्त्याचाही हक्क सांगितलाय.’ मग त्यांनी समजावलं. पैगंबरांनी लोकांना रस्त्यांवर बैठका मारू नका असं सांगितलं. लोक म्हणाले, आमचं त्यावाचून चालत नाही. तेव्हा ते म्हणाले, मग रस्त्याला त्याचा हक्क द्या. आणि तो कोणता, तर नजर खाली ठेवणं, कुणाला इजा न करणं, सलामाला उत्तर देणं, भल्याची आठवण करून देणं. वाटेतली टोचणारी वस्तू बाजूला करणं हाही ईमानाचाच एक भाग, असं दुसऱ्या हदीसमध्ये आहे, हेही त्यांनीच सांगितलं. त्या दिवसापर्यंत मी रस्त्यावर माझे हक्क मोजत होते. रस्त्याचेही माझ्यावर हक्क आहेत, हा विचार मला चाचांनी दिला. आणि त्यातली तडजोडही मला फार मोलाची वाटते. बसूच नका असा हट्ट शेवटपर्यंत धरलेला नाही. बसायचंच असेल तर कसं, ते सांगितलं आहे. गुंठेवारीतल्या गल्लीला हवी असलेली शिकवण नेमकी हीच आहे.

आपल्या देशात तर सार्वजनिक रस्ता ही फुकट मिळालेली वस्तू नाही. त्रावणकोरात वायकोमच्या देवळाभोवतीच्या रस्त्यांवरून चालता यावं म्हणून १९२४-२५ मध्ये सत्याग्रह करावा लागला. सी. के. बोले यांनी १९२३ साली मुंबईच्या कायदेमंडळात सार्वजनिक पाणवठे आणि जागा अस्पृश्य मानलेल्यांना खुल्या करण्याचा ठराव मंजूर करून घेतला. महाड नगरपालिकेनेही तळं खुलं केल्याचा ठराव केला. तरी २० मार्च १९२७ रोजी बाबासाहेबांना हजारो माणसं घेऊन चवदार तळ्यावर जावं लागलं. ठराव असतानाही लोक अडवत होते, म्हणून. गाडी आणि दगड-कुंड्या यांची त्या अन्यायाशी बरोबरी मी करणार नाही. तो अन्याय माणसाच्या माणूसपणावरच होता. पण जे सर्वांचं आहे ते सर्वांचंच राहिलं पाहिजे, हे तत्त्व या देशात माणसांनी मार खाऊन मिळवलं आहे. पाच बाय अडीच मीटरच्या तुकड्यापुरतं का होईना, ते आपण परत घेऊ लागलो तर कुणाच्या कमाईवर हात टाकतो आहोत, याचं भान असावं.

विद्यापीठाच्या मागच्या डोंगरात आपली औरंगाबाद लेणी आहेत. पुढे वेरूळ, आणखी पुढे अजिंठा. शाळेच्या सहलीला सगळे जातात, मूर्ती पाहतात, परत येतात. मला त्या लेण्यांच्या मालकीचा प्रश्न नेहमी विचारावासा वाटतो. एवढा खर्च करून डोंगर कोरला, तो कुणासाठी? पश्चिम भारतातल्या लेण्यांतल्या दानलेखांत, नाशिकला उषवदाताच्या लेखातही, दान दिलं आहे ते चारी दिशांच्या भिक्षुसंघाला. तिथे राहणाऱ्या अमुक भिक्षूला नाही. विनयपिटकात विहाराचं दान होतं ते आलेल्या आणि अजून न आलेल्या संघाला. अशी जागा संघालासुद्धा वाटून टाकता येत नाही. ज्याच्या येण्याची वार्ताही नाही त्याचा वाटा आधी बाजूला काढून मगच जागा वापरायची, हा विचार दोन हजार वर्षांपूर्वी आपल्याच डोंगरांत माणसांनी केला होता.

रस्त्याचा मालक कोण, याचं माझं उत्तर मला इथे मिळतं. रस्ता महापालिकेचा नाही, ती फक्त राखणदार. रस्ता गल्लीवाल्यांचाही नाही, ते रोजचे वापरणारे. रस्ता अजून न आलेल्या माणसाचा आहे: रात्री दोनला येणाऱ्या रुग्णवाहिकेचा, पुढच्या वर्षी राहायला येणाऱ्या भाडेकरूचा, पत्ता विचारत फिरणाऱ्या कुरिअरच्या पोराचा, अजून चालायला न लागलेल्या मुलाचा. त्यांच्यापैकी एकही आज भांडायला हजर नाही. म्हणूनच त्यांची बाजू धर्माने घ्यावी लागते. गृहस्थाने जेवणाआधी दारात येऊन अतिथीची वाट पाहावी, असं आपली परंपरा सांगते. गाय दोहायला लागेल एवढा वेळ तरी त्याने थांबावं, म्हणते. अतिथी येईल की नाही, कुणालाच ठाऊक नसतं, तरी त्याच्यासाठी वेळ राखून ठेवायचा. गेटबाहेरची जागा मोकळी ठेवणं हे आजचं अतिथिव्रत आहे.

आणि हे व्रत एकट्याने निभत नाही. मी गाडी आत घेतली तर ती जागा दुसरा लगेच भरतो, आणि मी मूर्ख ठरते, असं लोक म्हणतात. ते खरंही आहे. कौटिल्याने घरांच्या मधल्या अंतराचे, पाण्याच्या वाटांचे नियम सांगितले आणि पुढे एक मुभा ठेवली. घरमालकांनी एकत्र येऊन हवं तसं ठरवावं आणि जे नको ते मिळून टाळावं. हा अधिकार अजूनही आपल्या हातात आहे. त्याला सिडकोची, महापालिकेची, एमआयडीसीची कुणाचीच मंजुरी लागत नाही. गल्लीतल्या सगळ्या घरांनी एका संध्याकाळी बसावं. कुणाच्या आवारात गाडीची जागा आहे आणि ती कशाने अडली आहे, ते पाहावं. ज्यांच्याकडे जागाच नाही त्यांच्या गाड्यांसाठी रस्त्याची एक बाजू ठरवावी, दुसरी बाजू टँकरला आणि रुग्णवाहिकेला पूर्ण मोकळी ठेवावी. नालीवरचे रॅम्प पावसाआधी काढावेत. आणि गेटवरची ती हवा सोडण्याची पाटी उतरवावी, कारण ती ज्या हक्काने लावली आहे तो हक्क आपल्याला त्याच अटीवर मिळाला होता की आपणही ती जागा भरणार नाही.

नणंदेच्या प्रश्नाला मी आता असं उत्तर देईन. बरोबर-चूक जीआर काढून ठरत नाही. किती जागा सोडायची, ते जीआर ठरवतो, आणि ते गावोगावी वेगळं असणारच. जागा कुणासाठी सोडायची, ते मात्र एन-नऊमध्ये, छावणीत, बजाजनगरात आणि साताऱ्यात एकच आहे. माझी मालकी गेटपाशी संपते. माझं कर्तव्य तिथून सुरू होतं, आणि त्याला कुठल्याच नियोजन प्राधिकरणाने हद्द आखलेली नाही.